अर्धी वाटी म्हणजे किती?

घरात कोणाला किती पगार आहे हे आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नाही. पण नातीच्या पोटात सकाळपासून काय आणि किती गेलं, हे वॉचमनपासून विहीणबाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. विहीणबाई नाशिकला राहतात. त्यांना हा आकडा दिवसातून दोनदा फोनवर कळवला जातो आणि तो कमीच आहे, असं त्या दोन्ही वेळेला सांगतात.

मी निवृत्त लेखापरीक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांचे जमाखर्च तपासले. पण एकाच पोटाचे चार जण चार हिशेब ठेवतात आणि चारही जुळत नाहीत, असं प्रकरण नोकरीत कधी पुढ्यात आलं नव्हतं. ते निवृत्तीनंतर, ठाण्याच्या राहत्या घरात आलं.

नात सहा महिन्यांची होईपर्यंत तसं सुख होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नको. हे ‘पाणीसुद्धा नको’ आमच्या हिच्या घशाखाली उतरेना. एप्रिलचा महिना, ठाण्याचा उकाडा आणि लेकराला घोटभर पाणी नाही म्हणजे काय! सूनबाई शांतपणे म्हणाली, “आई, दुधात बहुतेक पाणीच असतं.” त्यावर हिनं जो चेहरा केला, तो तोपर्यंत फक्त आमच्या दूधवाल्यासाठी राखून ठेवलेला होता. गुटीची सहाण धुऊन पुसून माळ्यावर गेली. तिच्याबरोबर वेखंड, जायफळ, हळकुंड आणि आमच्या हिचा निम्मा अधिकारही माळ्यावर गेला.

पण अंगावरच्या दुधाचा एक मोठा गुण असा, की त्याला माप नाही. किती गेलं हे कोणालाच कळत नाही, त्यामुळे भांडायला आकडा सापडत नाही. लंगोट ओले होताहेत, वजन चढतंय, म्हणजे पुरतंय. एवढ्यावर सगळे गप्प बसायचे. सातवा महिना लागला, घरात वाटी-चमचा आला आणि मापं आली.

यात सरकारचाही हात आहे. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. फक्त दुधावर ठेवायचे दिवस १८०. म्हणजे बाळाला जेवायला शिकवण्यासाठी देशानं दोन दिवस राखून ठेवले आहेत, आणि तेही बाई बाळंत होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ऑफिसात बसली असेल तर. त्या दोन दिवसांत एखादा रविवार निघाला तर तो पाहुण्यांत जातो. मग सोमवारी आई लोकलमध्ये, बाळ आजीच्या मांडीवर, आणि आजोबांकडे वही.

अन्न सहाव्या महिन्याच्या सुमारास सुरू करावं, हे काही जिनिव्हात बसून कोणी पहिल्यांदा शोधलेलं नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात अन्नप्राशन सहाव्या महिन्यातच सांगितलंय. आमच्याकडे उष्टावणाला आलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी अभिमानानं माना डोलावल्या. पुढचं सांगितलं तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. कारण सूत्रकार पुढे म्हणतात, बाळाला अन्नाची समृद्धी हवी असेल तर बकऱ्याचं मांस द्यावं, ब्रह्मतेज हवं असेल तर तित्तिर पक्ष्याचं, आणि तेज हवं असेल तर तूप घातलेला भात. गंमत अशी, की आमच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईही नेमकं हेच म्हणतात: अंडं, मासे, मटण सुरुवातीपासून द्या, लोह मिळतं. म्हणजे सूत्रकार आणि डॉक्टरीणबाई एका बाजूला, आणि श्रावण पाळणारी आमची ही दुसऱ्या बाजूला. बहुमत असूनही ठराव फेटाळला गेला. आम्ही तूप-भातावर समाधान मानलं. तित्तिर तसाही ठाण्यात मिळत नाही.

सूत्रकारांनी दही, तूप आणि मध कालवलेलं अन्नही सांगितलंय. तेवढ्या मधापुरता मी डॉक्टरीणबाईंच्या पक्षात आहे. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाची आतडी त्यांना रोखू शकत नाहीत. तेव्हा पहिल्या वाढदिवसापर्यंत मधाचं बोटसुद्धा नको. गावाकडून आत्याबाईंनी प्रेमानं पाठवलेली अस्सल मधाची बाटली माझ्या ताब्यात आहे. तिची नोंद वहीत नाही.

उष्टावणात मामानं अंगठीवर खिरीचा थेंब घेऊन नातीच्या ओठाला लावला. साखर एवढ्यात नकोच, म्हणून खीर नुसती नावाला. नातीनं तो थेंब जिभेनं बाहेर ढकलला. तान्ह्या बाळाची जीभ तोंडात आलेलं काहीही बाहेर ढकलते, आणि ती खोड जायला काही बाळांना थोडा वेळ लागतो. पण एवढं साधं कारण उष्टावणात कोणाला चालतं? कोणी म्हणालं गोड कमी आहे, कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं बापावर गेलीये. चिरंजीव आजही कारल्याची भाजी अशीच बाहेर ठेवतात, म्हणून शेवटचं निदान सगळ्यांना पटलं.

खरा गोंधळ झाला तो वाटीमुळे. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं होतं: सुरुवातीला दोन-तीन चमचे, मग वाढवत वाढवत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांपासून अर्धी वाटी तीन-चार वेळा, मध्ये भूक लागली तर थोडं काहीतरी. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. कागद फ्रिजवर चिकटवला. त्यानंतर रोज संध्याकाळी एकच संवाद. सूनबाई ऑफिसातून आल्या आल्या विचारायची, “आई, किती खाल्लं?” ही म्हणायची, “छान दोन वाट्या संपवल्या हो!” रविवारी सूनबाई स्वतः भरवायची आणि काळजीत पडायची, “आज अर्ध्या वाटीच्या पुढे गेलीच नाही.” मग हिच्या मनात, की सुनेला भरवता येत नाही, आणि सुनेच्या मनात, की सासूबाई एक तर कोंबतात किंवा वाढवून सांगतात. दोघी सुसंस्कृत, त्यामुळे बोलून कोणीच दाखवलं नाही. घरात फक्त भांड्यांचे आवाज वाढले.

शेवटी एका दुपारी मी औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण घेऊन स्वयंपाकघरातल्या समस्त वाट्यांची मोजणी केली. बारशाला आलेली चांदीची वाटी साठ मिलिलिटरची. रोजची आमटीची वाटी दीडशेची. लोणच्याची वाटी मोजण्यात अर्थ नव्हता. सूनबाईनं मुद्दाम विकत आणलेला स्टीलचा वाडगा अडीचशेचा, आणि डॉक्टरीणबाईंच्या कागदावरची वाटी म्हणजे हीच अडीचशेची. आमची ही भरवत होती चांदीच्या वाटीनं, कारण चांदी थंड. तिच्या दोन वाट्या म्हणजे एकशेवीस मिलिलिटर. सुनेची अर्धी वाटी म्हणजे एकशेपंचवीस. फरक पाच मिलिलिटरचा, आणि तो भिंतीवर दिसत होता.

विहीणबाईंकडची वाटी मी पाहिलेली नाही. पण त्यांच्या बोलण्यावरून ती परातीएवढी असावी.

मापाचा वाद मिटला आणि तत्त्वाचा सुरू झाला: दूध महत्त्वाचं की जेवण? इथं मी थोडा अभ्यास केला. बाळाच्या पोटात एका वेळेला वजनाच्या दर किलोमागे साधारण तीस ग्रॅम मावतं. साडेसात किलोचं बाळ म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. या एवढ्याशा जागेत दूध, पेज, केळं, भोपळा आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांचा उत्साह बसवायचा आहे. सहा ते आठ महिन्यांच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसाला सुमारे सहाशे उष्मांक लागतात. त्यातले चारशेच्या आसपास दुधातून येतात आणि उरलेले दोनशे वाटीतून. नऊ ते अकरा महिन्यांत वाटीचा वाटा तीनशेवर जातो, वर्षानंतर साडेपाचशेवर. दुधाचा वाटा हळूहळू उतरतो, पण दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही तो चालू ठेवायला काही हरकत नाही. थोडक्यात, जुनं खातं बंद करून नवं उघडायचं नसून, एका खात्यातली रक्कम सावकाश दुसऱ्यात वळवायची आहे. हे मी जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं तेव्हा चिरंजीव म्हणाले, “बाबा, मीठ द्या.”

एवढ्या जागेत पाणी भरून चालत नाही. पण मराठी घराची श्रद्धा वरणाच्या पाण्यावर आहे. कुकर उघडला की डाळीच्या वरचं पिवळं पाणी निथळून बाळाला, आणि खालची डाळ बापाला. त्या पाण्यात डाळीचा रंग असतो, वास असतो आणि आजीची सद्भावना असते, डाळ नसते. बाळाचं पोट फुगतं, ते दूध नको म्हणतं आणि घरभर आनंद होतो, की पोट भरलं. बरोबर उलटं हवं. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट: मऊ भात आणि घोटलेलं वरण, खिमट, शिजवून कुस्करलेलं रताळं. वर एक लहान चमचा साजूक तूप. त्या चमच्यात पंचेचाळीस उष्मांक आहेत, म्हणजे वाटीभर वरणाच्या पाण्याला जे जन्मात जमणार नाही ते चमचाभर तुपाला जमतं. तुपाचं समर्थन डॉक्टरकडून ऐकून आमची ही दवाखान्यातून परत आली ती चालत नव्हे, तरंगत.

तिचा खरा विजय मात्र नाचणीनं केला. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, भाजून दळायची, वस्त्रगाळ करायची. हे तिनं सुरू केलं तेव्हा चिरंजीव म्हणाले, “दुकानात तयार मिळतं की.” पण मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं, ते पिष्टाची साखळी तोडतं आणि लापशी कमी चिकट होते. मोड न आणलेल्या पिठाची लापशी दोन चमच्यांत खळ होते. मोड आलेल्याची त्याच पाण्यात जास्त पीठ घालूनही बाळाला गिळता येते. म्हणजे त्या सव्वादोनशे ग्रॅमच्या जागेत जास्त माल मावतो. आहारशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत हे तपासून पाहिलंय. आमच्या हिला विकराचं नाव सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “असेल. आम्ही त्याला मोड म्हणतो.” आणि पीठ चाळत राहिली.

आता वेळापत्रक. आधी दूध द्यावं की आधी घास? आधी पोटभर दूध दिलं तर नात चमच्याकडे पाहून तोंड मिटते. आधी चमचा धरला आणि ती कडकडून भुकेली असली तर चमच्याची वाट बघायला तिला सवड नसते. ती असं रडते, की वरच्या मजल्यावरचे काका येऊन विचारतात, लस दिली का? आमच्याकडे शेवटी तोडगा निघाला तो मधल्या वेळेचा. उठल्यावर दूध, मग तास-दीड तासानं, ना फार भूक ना पोट गच्च अशा वेळी, वाटी. नवव्या महिन्यापर्यंत दुधाला मान द्या, पुढे जेवणाला मान द्या आणि दूध मागून येऊ द्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. हे सगळं मी वहीत तक्ता करून लिहिलं. नातीनं त्या वहीचं एक पान खाल्लं. ते कुठल्या रकान्यात धरायचं हे ठरलेलं नाही.

दिवसा ऑफिसातून काढून आणलेलं दूध फ्रिजमध्ये, कोथिंबीर आणि विरजण यांच्या मधल्या फळीवर, तारखेची चिठ्ठी लावून ठेवलेलं असतं. त्या फळीला मी हात लावत नाही. पाहुण्यांना चहा करायचा असेल तर दूध काढायला ही स्वतः येते. कमी पडलंच तर डॉक्टरांनी लिहून दिलेला पावडरचा डबा आहे. जाता जाता सांगतो, या डब्यावर बाळाचं चित्र छापायला १९९२च्या कायद्यानं मनाई आहे. त्यामुळे आमच्या घरात गुबगुबीत बाळाचं चित्र फक्त साबणाच्या खोक्यावर आहे.

रात्री नात सगळा हिशेब उलटा करते. दिवसभर आई नाही म्हणून दूध जेमतेम घेते, आणि आई घरी आली की रात्रभरात थकबाकी व्याजासकट वसूल करते. नोकरी करणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये हे सर्रास दिसतं. सकाळी सूनबाई डोळे चोळत विचारते, “रात्री इतकं प्यायली, मग दिवसा नीट जेवत नाही का?” नात दिवसा उत्तम जेवते. तिला आई हवी असते, आणि आई दुधाबरोबर मिळते.

आपल्याकडे दुधावर मात्र आंधळं प्रेम आहे. दुधानं रक्त वाढतं, असं मानणारी पिढी अजून स्वयंपाकघरात बसलेली आहे. दूध आईचं असो की गाईचं, त्यात लोह फारच थोडं. जन्मताना आणलेली लोहाची शिदोरी सहा महिन्यांच्या सुमारास संपत येते. म्हणून तर वाटी आली. वर्षानंतर गाईचं दूध चालतं, पण दिवसाला चारशे-पाचशे मिलिलिटरच्या वर नको, कारण ते जेवणाची भूक मारतं आणि लोह शोषू देत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या आतल्या मुलांपैकी ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी होती सुमारे ११ टक्के. ही सगळी मुलं गरिबाघरची नाहीत. त्यातली काही आमच्या सोसायटीतली आहेत: बाटलीभर दूध पिणारी, चहात बिस्कीट बुडवून खाणारी, आणि मोबाइलवर गाणं लागल्याशिवाय तोंड न उघडणारी.

मोबाइलबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण आमच्या वेळी खिडकीतला कावळा होता. काऊचा घास, चिऊचा घास करत बाळाचं लक्ष दुसरीकडे वळवायचं आणि तोंड उघडलं की चमचा आत. तत्त्व एकच, फक्त कावळा रिचार्ज मागत नव्हता. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याला चांगला उतारा सांगितलाय. काय द्यायचं, केव्हा द्यायचं, कुठं बसून द्यायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे बाळानं. माझ्या मते कामांची इतकी स्वच्छ वाटणी आमच्या खात्यात कधीही झाली नाही. अंमलबजावणी मात्र अवघड. नातीनं मान फिरवली की तिचं पोट भरलं, हे आमच्या हिला मान्य आहे. पण मान जिकडे फिरली तिकडे चमचा घेऊन जायचा अधिकार तिनं राखून ठेवलाय.

आणि कालपरवा नवंच सुरू झालं. नातीला जेवण आवडायला लागलं. पोळीचा तुकडा वरणात बुडवून दिला की ती तो दोन्ही मुठींनी चोखते आणि संध्याकाळी आईकडे जायला आधीसारखी झेपावत नाही. इतके दिवस “जेवत नाही, जेवत नाही” म्हणणाऱ्या सूनबाईनं रात्री डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला: “दूध कमी पिते, काय करू?” डॉक्टरीणबाईंचं उत्तर एका ओळीचं होतं: वजन वाढतंय ना, मग जेवू द्या.

तेव्हा बाळ बघायला येणाऱ्या मंडळींना नम्र विनंती. चांदीच्या वाट्या आता पुरे, आमच्याकडे चार झाल्या आहेत. आणायचंच असेल तर अर्धा किलो नाचणी आणा, मोड आम्ही आणू. चहा तुम्हाला मिळेल, बिस्कीटही मिळेल; त्यातलं बाळाला देऊ नका. आणि नाशिकवरून कोणी येणार असेल, तर तिथली वाटी मोजायला बरोबर घेऊन या.